संगणक मंदावला? फॉरमॅटच्या आधी डबा उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरचा संगणक मंदावला की आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो: ‘फॉरमॅट मारून घ्या.’ पोरगा सीपीयूचा डबा उचलून दुकानात नेतो, संध्याकाळी परत आणतो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्यात लग्नाचे फोटो, शाळेची निकालपत्रके, जीएसटीच्या फायली गेल्या ते वेगळेच. फॉरमॅटने विंडोज नवे होते; डब्यातली धूळ, वाळलेली पेस्ट, थकलेली हार्ड डिस्क आणि घरातली लाइट होती तशीच राहते. मराठवाड्यातले संगणक बहुतेक करून याच गोष्टींनी बिघडतात, आणि यातले बरेचसे घरच्या घरी आवरता येते. दुरुस्तीच्या टेबलावर रोज हेच दिसत असल्याने जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी धूळ. परभणी, जालना, बीड, नांदेड या कापसाच्या पट्ट्यात वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच पडून असतो. बैठकीत एका भिंतीला कापूस, समोरच्या भिंतीला संगणक, असे चित्र अनेक घरांत दिसेल. कापसाची लव हवेत तरंगते, पंखा ती आत ओढतो आणि प्रोसेसर या मुख्य चिपवरच्या पंख्याखाली, तिची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या ॲल्युमिनियम पात्यांवर तिचा घोंगडीसारखा थर जमतो. गंमत अशी, की वरून पाहिले तर पंखा गरगर फिरताना दिसतो आणि सगळे ठीक वाटते. पंखा उचलल्याशिवाय तो थर दिसतच नाही. त्यात मळणीच्या दिवसांत हडंब्याचा भुसा, उन्हाळ्यात वावटळीची माती आणि वरून कूलर. कूलरचा झोत थेट डब्यावर असेल तर कोरडी धूळ ओलावून पात्यांना चिकटते आणि मग ब्रशलाही दाद देत नाही. कूलर खोलीत खुशाल लावा, तोंड मात्र दुसरीकडे असू द्या.

वर्षातून दोन वेळा साफसफाई पुरे. एक कापूस घराबाहेर गेल्यावर, ऊन तापायच्या आत. दुसरी सोयाबीनची मळणी उरकल्यावर, दिवाळीच्या झाडलोटीत. विंडोज बंद करा, भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करा, मागची पॉवरची वायर उपसा आणि मग डब्याचे पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर, आतल्या मुख्य पाटीवर, उरलेला करंट निघून जातो. बाकीच्या वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा मोबाइलवर एक फोटो घ्या. ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात मॉनिटरची वायर कार्डाला होती की मदरबोर्डला, हे नंतर आठवत नाही आणि ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून चांगला डबा दुकानात येतो.

डबा ओट्यावर किंवा गच्चीवर न्या. समोरून पाहताना डाव्या हाताची पट्टी मागचे दोन स्क्रू काढले की सरकते. आत हात घालण्यापूर्वी उघड्या पत्र्याला एकदा स्पर्श करा. थंडीतल्या कोरड्या हवेत अंगावर साठलेली स्थिर वीज चिपला पुरेशी घातक असते. हत्यार म्हणून रंगकामाचा एक इंची कोरा ब्रश आणि एक छोटा ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. मोकळे सोडले तर पंखा नेहमीपेक्षा कितीतरी जोरात फिरतो, बेअरिंग ढिले होते आणि चार दिवसांनी घरघर सुरू. व्हॅक्युम क्लीनरची प्लास्टिकची नळी आत घालू नका, तिच्यावरही स्थिर वीज साठते. ओले फडके तर नकोच नको. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा आतला छोटा डबा, मात्र उघडायचा नाही. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. जाळीतून बाहेरूनच हवा मारा, तेवढे बस.

बाजूची पट्टी परत लावण्यापूर्वी डब्याच्या मागच्या उभ्या फटींवर नजर टाका. जुने कार्ड काढल्यावर तिथली पत्र्याची पट्टी परत कोणी लावत नाही आणि मग त्या फटीतून पाल नाहीतर उंदीर आत येतो. पाल मदरबोर्डवर चिकटून शॉर्ट झालेले डबे आमच्याकडे नवे नाहीत. पट्टी नसेल तर बारीक जाळीचा तुकडा लावा. पुठ्ठा नको, हवा अडते. भरतकाम केलेले कापडी कव्हर संगणक चालू असताना डब्यावर ठेवू नये, हेही इथेच सांगून टाकतो. आणि कॉम्प्युटर टेबलाच्या ज्या कप्प्याला मागून पाठ आहे त्यात डबा कोंबू नये. मागे वीतभर मोकळी जागा हवी.

आता पेस्ट. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये राखाडी किंवा पांढरी पेस्ट असते. आपल्या उन्हाळ्यात ती तीन-चार वर्षांत वाळून खडूसारखी होते आणि उष्णता हीटसिंकपर्यंत पोचत नाही. तापमान पाहायला संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानांत, जा, ‘हार्डवेअर मॉनिटर’ या पानावर आकडा दिसतो. बाहेर ४३ अंश आणि खोलीत ३८ असताना काही काम न करता ५५-६० दिसले तर घाबरू नका. बसल्या बसल्या ८० च्या पुढे जात असेल तर हीटसिंक चोंदले आहे, पेस्ट गेली आहे किंवा हीटसिंकची एखादी खुंटी सुटली आहे. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग आपोआप कमी करतात. दुपारी दोन वाजता रडतखडत चालणारा आणि सकाळी सहाला सुरळीत असणारा संगणक ‘स्लो’ झालेला नसतो, तो तापलेला असतो. त्याला फॉरमॅट मारून काय होणार?

पेस्ट बदलताना जुनी पूर्ण पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारे कापड घ्या. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी, त्याहून जास्त नको. ती दाबाने आपोआप पसरते आणि जास्तीची कडेने बाहेर येते. इंटेलच्या सोबत येणाऱ्या पंख्याला चार खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत जोडीने दाबायच्या, टक् असा आवाज आला पाहिजे, आणि मदरबोर्डच्या मागून चारही टोके आरपार आली का ते पाहायचे. तीनच बसल्या तर हीटसिंक एका बाजूने उचललेले राहते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्या मदरबोर्डावर वेगळीच भानगड. वाळलेली पेस्ट प्रोसेसरला धरून ठेवते आणि हीटसिंक सरळ ओढले तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी दहा मिनिटे संगणक चालवून पेस्ट गरम करा, मग वायर काढून हीटसिंक डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवा. हात कापत असेल तर हे एवढे काम दुकानात करून घेतलेले बरे.

डबा हलवल्यावर पडदा काळा आणि नुसते बीप वाजत असतील तर बहुधा रॅम, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची पट्टी, सैल झाली आहे. दोन्ही कडांचे चाप उघडून पट्टी काढा, सोनेरी कडा आयसोप्रोपिलने पुसा, खाच जुळवून चाप आपणहून मिटेपर्यंत दाबा. खोडरबर अनेक जण वापरतात. चालते, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका आणि दर महिन्याला घासत बसू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की तारीख मागे जाते आणि मग एकही संकेतस्थळ धड उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ किंवा ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असे येते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संगणक स्वतःच्या तारखेशी ताडून पाहतो, म्हणून हा गोंधळ. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात आणि तो राउटर बदलून जातो. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. अधिकची खूण वर ठेवून बसवायचा. रोज रात्री बोर्डावरचे बटण बंद करणाऱ्या घरांत हा सेल लवकर संपतो, कारण एरवी घड्याळ एसएमपीएसच्या स्टँडबाय दाबावर चालते. म्हणून बटण चालू ठेवा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही, सेल स्वस्त आहे.

धुळीपेक्षाही जास्त नुकसान, आमच्या मते, लाइट करते. डब्याच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात, ही तक्रार घरोघरी आहे आणि ‘थोडा करंट मारतो’ म्हणून सोडून दिली जाते. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट उभे राहतात. करंट अगदी कमी असल्याने माणसाला चटका बसतो आणि भागते, पण चालू संगणकाला एचडीएमआयने टीव्ही किंवा यूएसबीने प्रिंटर जोडताना नेमके त्यानेच पोर्ट उडतात.

वायरमनकडून भिंतीतल्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवे. शेवटचा आकडा दहा-पंधरा आला तर अर्थिंग कमजोर आहे किंवा कुठेतरी न्यूट्रल सैल आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठण्ण पडतो आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मेमध्ये नावालाच उरते. आठवड्याला एखाद-दोन बादल्या पाणी खड्ड्यात सोडा. टँकरच्या गावात हे सांगणे अवघड आहे, कबूल. पण कूलरच्या टाकीत तळाला उरणारे खारट पाणी या कामाला चालते. एक गोष्ट मात्र कोणाला करू देऊ नका. अर्थिंग नाही म्हणून काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलला वायरचा तुकडा जोडून अर्थला देतात. त्याने मुंग्या थांबतात खऱ्या, पण पुढे कधी न्यूट्रल तुटला तर डब्याच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. हा जिवाशी खेळ आहे.

लाइट गेली की इन्व्हर्टर असूनही संगणक रीस्टार्ट होतो, असे विचारणारे खूप. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे दोन मोडचे बटण असते, एक यूपीएस मोड आणि दुसरा साधा किंवा इको. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला पंख्या-दिव्यांना चालेल इतका वेळ लागतो. एसएमपीएस मात्र पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद दम धरतो. बटण यूपीएस मोडवर करा. पण याची दुसरी बाजू आहे. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खाली लाइट घेतच नाही. कृषिपंप सुरू असताना गावात १६०-१७० च दाब येत असेल तर इन्व्हर्टर बॅटरीवरच बसून राहील आणि बॅटरी उतरेल. अशा ठिकाणी इन्व्हर्टर साध्या मोडवर राहू द्या आणि संगणकापुरता ६०० व्हीएचा वेगळा यूपीएस घ्या.

त्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाची बंदिस्त बॅटरी असते. ती दहा-पंधरा मिनिटे देते, तीही फाइल जतन करून संगणक बंद करण्यासाठी. मालिका बघत बसण्यासाठी नव्हे. उष्णता हिचा शत्रू. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून पत्र्याच्या घरात ती दोन वर्षांतही जाते. तीन महिन्यांतून एकदा, सगळे जतन करून, भिंतीतला प्लग काढून पाहा. मिनिटभरात टूं-टूं करून बंद पडला तर बॅटरी बदला, आख्खा यूपीएस नको. जुनी बॅटरी भंगारात टाकू नका, आत शिसे आहे, दुकानदार परत घेतो. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच जोडू नये, त्याचा हीटर एका झटक्यात सगळा भार ओढतो.

वळवाचे ढग आले की पॉवरचा प्लग आणि इंटरनेटची तांब्याची वायर दोन्ही काढा, तेही कडकडाट डोक्यावर येण्याआधी. बोर्डाचे बटण बंद करून भागत नाही, बटणाच्या आतली फट दोन-तीन मिलिमीटरचीच असते, वीज ती सहज ओलांडते.

हे सगळे ठीक असून संगणक मंद असेल तर मग विंडोजकडे वळा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. ‘डिस्क’खाली सतत १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर उपाय एकच, एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. अडीच इंची साटा एसएसडीला जुन्याच जातीच्या वायरी लागतात, आणि जुनी डिस्क फोटोंसाठी आतच राहू शकते. ‘मेमरी’ सतत ८५-९० टक्के असेल तर चार जीबी रॅमवर आठ टॅब उघडू नका किंवा रॅम वाढवा. तिथेच वेग आणि किती स्लॉट भरलेले आहेत ते लिहिलेले असते; डीडीआर३ ची पट्टी डीडीआर४ च्या खाचेत बसत नाही, म्हणून बघूनच बाजारात जा. ‘स्टार्टअप’ या पानावर सुरुवातीलाच उठणारे कार्यक्रम असतात. अँटिव्हायरस आणि आवाजाचा ड्रायव्हर सोडून बाकीचे बंद केले तरी बिघडत नाही.

एक बारकावा. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर गाभा पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपसाठी तो डिस्कवर तसाच साठवला जातो. म्हणून आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करा. तोच खरा ताजा आरंभ. सी ड्राइव्हची १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा, नाहीतर अपडेट अर्धवट अडकते. सेटिंग्जमधले ‘स्टोरेज सेन्स’ हे काम करते. ‘रजिस्ट्री क्लीनर’, ‘पीसी बूस्टर’ असली फुकट औषधे घेऊ नका, आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर मग आपणहून कामाला लागतो. पडद्यावर ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असे आले तर फोन करू नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर कळवा.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी वाढीव मुदतीची सोय आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, आणि तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा किंवा तत्सम एएमडी प्रोसेसर लागतो. त्यापेक्षा जुन्या संगणकावर आडवाटेने विंडोज ११ चढवून देतो म्हणणाऱ्याला पुढच्या अपडेटचे काय, हे विचारा.

अर्ज भरायला, प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह ठिकठिकाणी फिरतो आणि फोल्डरांच्या जागी शॉर्टकट घेऊन परत येतो. फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर दोनदा टिचकी मारू नका, त्यानेच व्हायरस घरच्या संगणकात शिरतो. आधी पेन ड्राइव्ह डिफेंडरने तपासा, मग ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फायली आणि विंडोज लपवते त्या सिस्टिम फायलीही दाखवायला सांगा, आपले कागद दुसरीकडे उतरवा आणि मगच पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. इथे फॉरमॅट योग्य आहे.

शेवटी प्रतींविषयी, म्हणजे बॅकअपविषयी. फिरती हार्ड डिस्क जाण्याआधी बहुधा टक-टक करते, वेळ देते. एसएसडी एखाद्या सकाळी न सांगता दिसेनाशी होते. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कच्या तब्येतीचा रंग निळ्याचा पिवळा झाला तर त्याच दिवशी सगळे उतरवून घ्या. एरवीही महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत काढा आणि काम झाले की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीवाला व्हायरस संगणकासोबतच कुलूपबंद करतो, आणि वीज पडली तर दोन्ही एकदमच जातात.

आपले,
संगणक दुरुस्ती करणारे काही कारागीर, परभणी